शेऱ्याचा रकाना

कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक उंच माणूस उभा होता. त्याच्या हातातली नोंदवही पाहिली आणि माझं टाळकंच सटकलं. आमची याचिका ज्या जहाजाविरुद्ध होती, त्याचंच नाव वहीवर.

"देवमासा दिसला की काम थांबवायला सांगणारे जहाजावरचे निरीक्षक तुम्हीच ना?"

"हो." तो वळला. डोळे मात्र... जाऊ दे.

"चार महिन्यांपूर्वी तेल शोधायला एकवीस दिवस समुद्रात दर दहा सेकंदांनी बार उडवलेत. आणि रोज लिहिलंत, 'दिसला नाही'. इकडे कान फुटून देवमाशांची मायलेकरं किनाऱ्याला लागून मेली. झोप येते तुम्हाला?"

"धुकं होतं हो, वकीलबाई. मला जहाजाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं."

"मग तसं लिहायला हात मोडले होते?"

त्याने वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात रोज तेच — 'दाट धुकं, काही दिसत नाही, काम थांबवावं.' कंपनीने कोर्टात दिलेल्या प्रतीत हा रकानाच नव्हता. कापला होता मेल्यांनी.

"काल पेपरात या खटल्याचं वाचलं, म्हणून आलो," तो म्हणाला. "पण द्यायचं कुणाला, ते कळेना."

"मला द्या. नोकरी जाईल तुमची."

"जाईल."

दुपारभर कँटीनमध्ये बसून त्याचं प्रतिज्ञापत्र लिहिलं. तो 'बहुधा' घालायचा, मी खोडायचे.

"सगळ्यांवर अशाच डाफरता?"

"नाही. लायकी बघून."

तो हसला... आणि मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वकिलाने त्याची उलटतपासणी घेतली. "या वकीलबाईंशी तुमचं नातं काय?" अगदी खोचकपणे.

"कालच भेटलो. खूप बोलणी खाल्ली. पण... आवडतात मला."

अख्खं कोर्ट हसलं. आता याची साक्ष गेली, उद्यापासून कंपनीचा दुसरा टप्पा, पुन्हा बार सुरू होणार.

न्यायमूर्तींनी वही चाळली. "प्रत्येक शेऱ्याखाली कप्तानाची सही आहे, चार महिन्यांपूर्वीची. तेव्हा साक्षीदार यांना ओळखतही नव्हता."

बार उडवायला मनाई मिळाली.

जिन्यात मी त्याला गाठलं. "अक्कल गहाण टाकली होती? सगळं पाण्यात गेलं असतं."

"शपथ घेतली होती. खोटं कसं सांगू?"

"नशीब, मला पिंजऱ्यात उभं केलं नाही त्यांनी," मी चिडूनच म्हटलं.

"का?"

"मलाही खरंच सांगावं लागलं असतं."