एकतीस गुणांचा वर्ग

डॉ. शाल्मली उकिडवे यांनी तोच आकडा तिसऱ्यांदा तपासला. एकतीस. प्रयोगशाळेच्या पडद्यावर तो ढिम्म बसून होता.

"एक वर्ग जरी चाळिसाच्या खाली गेला तरी विभाग बंद," उच्चशिक्षण गुणवत्ता आयोगाचे सचिव हेर्लेकर म्हणाले. "नियम आपणच केलाय, मॅडम. चार वाजता धर्माळे सरांची सुनावणी आणि मग माझी सही. तुम्ही कशात अडकलाय?"

हेर्लेकर वाईट गृहस्थ नव्हते. आकडा दिसला की त्यांना सही सुचे, एवढंच.

अडकायला कारण होतं. बोधमापक हे यंत्र शाल्मलींचंच अपत्य. मुलांनी आणि शिक्षकाने हलकी टोपी घालायची. विषय डोक्यात घोळत असताना मेंदूत उठणारी विचाराकृती टोपी टिपणार. मुलाची आकृती शिक्षकाच्या आकृतीशी जितकी जुळेल तितका त्याचा बोधांक. दर तासाला किती बोध पिकला, हे राज्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाला आता दशांशापर्यंत कळत होतं. परीक्षा गेल्या, कॉपी गेली. शाल्मलींना या यंत्राचा फार अभिमान होता.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातलं कॉलेज, विषय भूजलशास्त्र. पहिल्या आठवड्यात एक मुलगी विचारते, पाऊस पडला की विहीर गोड व्हायला पाहिजे, आमची खारट काऊन होते? धर्माळे म्हणतात, मला नाही माहीत, चला पाहू. तिथून बोधांक कोसळला तो कोसळलाच."

"मग? मास्तरांनाच येत नाही!"

"मीही तेच म्हटलं असतं. पण मी धर्माळेंची सहाव्या आठवड्यातली आकृती काढली आणि त्या मुलीच्या पहिल्या आठवड्यातल्या आकृतीशेजारी ठेवली. नव्वद टक्के जुळते."

हेर्लेकरांनी चष्मा काढला. "म्हणजे मास्तर मुलीकडून शिकले?"

"आणि ते तिथे पोचेपर्यंत मुलं आणखी पुढे गेली. आपण मोजपट्टी धरली शिक्षकाची. त्याच्या मागे राहिलेलाही कमी भरतो आणि पुढे गेलेलाही." शाल्मली खुर्चीत मागे रेलल्या. "आपण बोध मोजतच नव्हतो, हेर्लेकर. आपण नक्कल मोजत होतो."

सांगताना त्यांना लाज वाटली. अकरा विभाग या यंत्राच्या जोरावर आधीच बंद झाले होते.

चार वाजता आयोगाचे सातही सदस्य बसले. समोरच्या खुर्चीत प्रा. बाबाराव धर्माळे, मांडीवर फाईल घेऊन, डॉक्टरकडे रिपोर्ट दाखवायला आलेल्या माणसासारखे अवघडून बसले होते. आपला विभाग आज जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. शाल्मलींनी प्रात्यक्षिकासाठी सदस्यांना टोप्या दिल्या, स्वतःही घातली आणि शिक्षक म्हणून आपलीच आकृती प्रमाण ठेवली. मग सगळं उलगडून सांगितलं आणि ठराव मांडला: चाळिसाखालचे सगळे विभाग वाचवावेत, आणि नव्वदीवरच्या शिक्षकांची, म्हणजे नकला काढून घेणाऱ्यांची, चौकशी व्हावी.

माना डोलल्या. पडद्यावर सदस्यांचा सरासरी बोधांक उमटला: शहाण्णव.

"वा!" हेर्लेकर म्हणाले. "सगळ्यांना कळलं. अभिनंदन, धर्माळे सर, तुमचा विभाग वाचला. मंजूर?"

"मॅडम, एक बोलू का?" धर्माळे उठले. "तुमचं चुकते."

बंद होणाऱ्या विभागाचा माणूस स्वतःच्या सुटकेवर हरकत घेतोय, हे कोणाच्या पचनी पडेना.

"आमच्या काळबांडे मॅडम पहिल्या वर्षाले शिकवतात. त्यायचा बोधांक पंच्याण्णव. खडक कसा ओळखायचा, थर कसा वाचायचा, सारं घोटून घेतात. अक्षर न् अक्षर त्यायच्यासारखं. तुम्ही उद्या त्यायची चौकशी लावसान. पण त्यायनं घोटून घेतलं म्हणून तर माझी पोरं माझ्याशी भांडू शकतात. माझे एकतीस त्यायच्या पंच्याण्णवांवर उभे आहेत. अन् माझ्याच वर्गात तिघं असे आहेत की त्यायले खरंच काही समजलं नाही. तेही याच एकतिसात लपले. माझा विभाग वाचवाचा म्हणून काळबांडे मॅडमले पाण्यात ढकलू नका."

एका वर्गाचा एका तासाचा आकडा! पीक एका शेतात दिसतं आणि बी दुसऱ्याने तयार केलेलं असतं, हे आपल्याला कसं सुचलं नाही? शाल्मलींना एकदम हसू आलं, आणि डोळेही भरून आले. कित्येक वर्षांनी त्या काहीतरी शिकल्या होत्या.

"मॅडम, यंत्र बिघडलं वाटतं," हेर्लेकर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले.

शहाण्णव गेले होते. आकडा घसरत घसरत चौतीसवर येऊन थांबला.

"नाही, चोख चाललंय," शाल्मली म्हणाल्या. "तुम्ही सगळे मी पाच मिनिटांपूर्वी जिथे होते तिथेच आहात. मी तिथून निघाले."

"पण चौतीस म्हणजे..."

"चाळिसाच्या खाली. आपल्या नियमाप्रमाणे माझी प्रयोगशाळा बंद करायला हवी. घ्या, सही करा."

हेर्लेकरांच्या एका हाताशी धर्माळेंचा विभाग बंद करण्याचा आदेश होता, दुसऱ्या हाताशी शाल्मलींचा ठराव. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, दोन्ही कागद पालथे ठेवले आणि हयातीत पहिल्यांदाच सुनावणीत आकडा सोडून माणसाला विचारलं:

"धर्माळे सर, मला नाही कळलं. जरा पुन्हा सांगता?"