तिसऱ्या टीव्हीवरचा माग

गांधीबागेतल्या विणकर संस्थेच्या दुकानात तीन टीव्ही लागले होते, आणि त्यांवर साड्यांचे फोटो फिरवायला कोणती स्टिक घ्यायची हे दामिनीने ठरवायचे होते. महागडे बॉक्स संस्थेला झेपणारे नव्हते. तिने तीन स्वस्तातल्या स्टिक आणून एकेका टीव्हीला खोचल्या.

"काही बी घ्या मॅडम," काउंटरवरचे रुपराव म्हणाले, "पण लाइट गेली-आली का मले स्टुलावर चढवू नका. सस्ता रोये बार बार!"

म्हणणे खरेच होते. दामिनीने सरळ मेन स्विच पाडला आणि पुन्हा चढवला. पहिली स्टिक रिमोट मागत बसली. दुसरीने जाहिरात लावली. तिसरी, सगळ्यांत स्वस्त, डब्यावर नावसुद्धा नसलेली, आपसूक सुरू झाली.

पण तिच्यावर फोटो नव्हते. हातमाग चालू होता. विणणारा दिसत नव्हता. दिसत होता फक्त इकडून तिकडे पळणारा धोटा आणि बोटबोट वाढणारा करवतकाठ. आवाज नाही. दामिनीने वायफाय बंद केले, फोटोंचा पेनड्राइव्ह काढला. माग चालूच.

मग तिचे लक्ष काठाकडे गेले. करवतीचा दर सातवा दात आखूड. दृष्ट लागू नये म्हणून असा दात तोडणारा विणकर तिला एकच ठाऊक होता, आणि तो तिच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

बाबनराव, तिचे वडील. लकव्याने उजवा हात गेला, माग भंगारात गेला. लेकीने घास भरवायचा, याची लाज त्यांना जाळत असे. डॉक्टरांनी आशा सोडली होती, दामिनीने नव्हती. त्यांना तो हात परत मिळावा, एवढे एकच तिचे मागणे होते. घरी ठेवायचे कुणाच्या भरवशावर, म्हणून ती त्यांना सोबत आणी.

ती वळली. मांडीवरचा तो मेलेला हात हलत होता. धोटा डावीकडे, हात डावीकडे.

"बाबा!"

"थांब वं. काठ चुकन."

दामिनीच्या अंगावर काटा आला आणि डोळेही भरून आले. असे काही आपल्या वाट्याला यावे! तिने हात जोडले, कुणाला ते तिलाही कळले नाही. दुपारी बाबांनी त्याच हाताने चहाचा कप उचलला. रुपराव दारापाशी जाऊन उभे राहिले, आत येईनात.

संध्याकाळी पदर पुरा झाला. पडद्यावर कापड मागावरून उतरले.

हात मांडीवर पडला.

"बाबा, हलवा ना!"

"माग रिकामा नाही ठेवत वं," ते म्हणाले. "आता तू बस."

पडद्यावर नवे उभे धागे ताणलेले होते. धोटा थांबलेला.

दामिनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. धोटा पळाला. बाबांचा हात उठला. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिने खाली पाहिले. मागाच्या पावड्या दाबाव्यात तसे तिचे पाय आलटूनपालटून फरशी दाबत होते. तिने ते थांबवले.

हात थांबला.

"काहून थांबली वं?"

तिने पाय पुन्हा चालवले. हात चालला.

"पाणी पाहिजे," बाबा म्हणाले. ती उठायला गेली. पाय उठले नाहीत. दाबतच राहिले.

"राहू दे, तू विण," ते म्हणाले. शेजारचा ग्लास उजव्या हाताने उचलून ते घोटभर प्याले आणि उरलेले पाणी त्यांनी हलकेच तिच्या ओठांना लावले.