सुंठीचा वास

मैना कुत्री सुलक्षणापुढे येऊन ताठ बसली, तेव्हा डॉ. रेगे हसले. "ओळखलं बरं का तुम्हाला!"

"मला कसली, डब्याला," सुलक्षणा म्हणाली. डब्यात आईने पाठवलेले सुंठीचे लाडू होते. "बाबा आईला फोनवर सांगायचे, तुझ्या लाडवालाही ही सुरुंग सापडल्यासारखी ताठ बसून सलामी ठोकते. आई एवढी खूश व्हायची, की पुढच्या पार्सलात मैनेचे चार जास्त."

तिने एक लाडू पुढे धरला. मैनेने तोंड फिरवलं, पण जागची उठली नाही.

"इथे आल्यापासून गोड खातच नाही ती. तुमच्या आई दरवर्षी पाठवतात ते आम्हीच संपवतो," रेगे ओशाळून म्हणाले. "त्यांना सांगू नका."

लष्करातून निवृत्त झालेल्या कुत्र्यांच्या या केंद्रात त्यांची वासांची आठवण वाचता येत असे. माणूस पाहिलेलं लक्षात ठेवतो, तसा कुत्रा हुंगलेलं. प्रत्येक वासाचा मेंदूत एक ठसा उरतो. ते ठसे क्रमाने लावले की होतो गंधपट. कुत्र्याच्या डोक्यावर हलकी टोपी चढवायची, की पडद्यावर एकेका वासाचं नाव उमटतं. खालची रेषा सांगते, कुत्रा तेव्हा चालत होता की बसला होता. आवाज नाही, चित्र नाही.

सुलक्षणाचे वडील, सुभेदार हणमंत शेडगे, सहा वर्षांपूर्वी सुरुंगाच्या स्फोटात गेले. मैना त्यांच्यापुढे चालत होती. तुकडी मागे, वळणाआड. स्फोटकाचा वास आला की कुत्र्याने भुंकायचं नाही, उकरायचं नाही, फक्त बसायचं. चौकशीत ठरलं, की कुत्रीने इशारा दिला नाही. मैनेची नोकरी तिथेच संपली. आई म्हणायची, "मुकं जनावर, चुकलं बिचारं." सुलक्षणाला ते जमलं नव्हतं. ती आज पहिल्यांदाच मैनेला भेटत होती.

रेग्यांनी मैनेला टोपी चढवून त्या दिवसाचा गंधपट लावला. पडद्यावर नावं सरकू लागली. देवदाराचा पाला. खेचराची लीद. ओला दगड. सगळ्यांतून एक वास अखंड वाहत होता: हणमंतरावांचा हात.

"स्फोटक," रेगे पुटपुटले. खालची रेषा खाली उतरली होती. "आणि ही बसली! मॅडम, बसलीय ही. चौकशी साफ चुकली."

सुलक्षणाचा हात आपोआप मैनेच्या मानेवर गेला. सहा वर्षं तिने या मुक्या जीवाला शिव्या घातल्या होत्या.

"मग बाबा पुढे का गेले?"

"घाबरले तर नव्हते. भीतीने घाम बदलतो, वास लगेच वेगळा येतो. इथे तसं काहीच नाही. ते मजेत होते." रेगे थांबले. "हा पुढचा वास मात्र यंत्राला ओळखता येत नाहीये. थांबा, नळीतून सोडतो."

सुलक्षणा नळीशी वाकली.

तूप. गूळ. सुंठ.

ती तशीच वाकून राहिली. नाकाशी आईचं स्वयंपाकघर होतं.

"काय आहे?" रेग्यांनी विचारलं.

"त्यांना वाटलं, ही लाडू मागतेय." ती म्हणाली. "त्यांनी दिला. आणि पुढे पाऊल टाकलं."

पडद्यावर शेवटचा वास होता: जळकी माती.

रेग्यांनी मैनेच्या डोक्यावरची टोपी उतरवली. मग ते हळूच म्हणाले, "मैनेवरचा ठपका तरी जाईल. तुम्ही हो म्हणालात, तर आजच कळवतो."

फोन वाजला. आई होती.

"पोचलीस गं? खाल्ला का तिने लाडू?"

"खाल्ला."

"बघ, आठवण आहे तिला. आणि काय निघालं त्या यंत्रातून?"

सुलक्षणाने रेग्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"मैनाच चुकली, आई."

"असू दे गं. तिच्यावर राग नको धरूस."

मैना अजून तशीच बसून होती, उघड्या डब्यासमोर, ताठ.