पुढचं डावं चाक

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी दर्यापूरकडे यावं. गाडी अजून तिथंच उभी आहे, कडुनिंबाखाली. भिंतही तिथंच आहे.

मी यात पदरचं काही घालत नाही. घालण्यासारखं सुखाचं यात काही नाहीच.

मोनाली माझी सख्खी मावसबहीण. हे घडलं तिच्या नवऱ्याच्या, जीवनच्या बाबतीत. गेल्या एप्रिलमध्ये, त्याच्या गावच्या घरी आणि तेही दिवसाढवळ्या.

आधी गाडीचं सांगतो.

जीवनचा मोठा भाऊ उत्तमराव. भाजी आणि झेंडूची शेती. माल अकोल्याला न्यायला त्यानं सरकारी लिलावातून एक जुनी, दणकट डिझेल गाडी घेतली होती. तिला गिअरच्या बाजूला एक छोटी दांडी. ती टाकली की समोर हिरवा दिवा लागायचा आणि मागच्या चाकांसोबत पुढची चाकंही ओढायची.

"फोर-व्हील हाय," उत्तमराव चारचौघांत सांगायचा. "चिखलाच्या बापाले भेत नाही."

त्यांची आई पार्बताबाई. नवरा लवकर गेला, म्हणून औत तिनंच धरलं होतं. बैल हाकताना ती जीभ टाळूला लावून आवाज काढायची... ट्चक्... ट्चक्. बैल गेले, सवय राहिली. गाडीत बसली की ती गाडीलाही तसंच हाकायची. गाडी निघाली की म्हणायची, "पाह्य, आयकते माह्यं." सगळे हसायचे.

त्याआधीच्या पोळ्याचा दुसरा दिवस. जीवन आणि मोनाली सणाला गावी आले होते. पार्बताबाई दुपारी झेंडूत गेली आणि तिला साप चावला.

शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण, म्हणजे बैलगाडीची कच्ची वाट. तीत आठवडाभराच्या पावसाचा काळा चिखल. उत्तमरावनं आईला पुढं आपल्या शेजारी बसवलं, मागं जीवन आणि शेतावरची माणसं चढली, आणि त्यानं गाडी घातली. अर्ध्या पांदणीत ती रुतली.

उत्तमरावचा हात त्या छोट्या दांडीवर गेला.

तिथंच थांबला...

मग तो खाली उतरला. "जीवन, तू बस. तू मशिनीचा माणूस. मी ढकलतो."

जीवन नांदगाव पेठला एका कापड कारखान्यात फिटर आहे. त्यानं चिखलात गुडघे टेकून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेलं, चाक आसाला जोडणारं लॉक हातानं फिरवलं. मग बसला. दांडी टाकली. हिरवा दिवा लागला.

गाडी जागची हलली नाही.

"टाकली का बे दांडी?" मागून उत्तमराव ओरडला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"टाकली!"

"नीट टाक ना!"

शेजारी आई. ओठ काळेनिळे पडत चाललेले. तिनं कशीबशी जीभ टाळूला लावली... ट्चक्... ट्चक्...

"काहून नाही चालून राह्यली रे, जीवन?"

डांबरी रस्ता तिथून दिसत होता. ढकलणाऱ्यांपैकी कोणी तरी म्हणालं, बाज आणा, खांद्यावर नेऊ. उत्तमराव म्हणाला, "थांबा ना, निघते आता. फोर-व्हील हाय." त्या भरवशावर सगळे ढकलत राहिले. शेवटी बाज आणलीच. तोवर फार उशीर झाला होता. पार्बताबाई रस्त्याला लागल्या लागल्याच गेली.

आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर देणारं कोणी नव्हतं, पण जीवनला बोल लावणारे पुष्कळ होते. तेरवीला, दिवाळीला, लग्नाकार्यात तेच. मशिनीचा माणूस, अन् एक दांडी टाकता आली नाही! उत्तमराव मात्र मोठ्या मनानं उसासा टाकायचा. "लहान हाय तो. घाबरला. जाऊ द्या."

ही माफी जीवनला सगळ्यात जास्त जाळायची. कारखान्यात मशिनची दांडी एकदा टाकली तरी तो ती काढून पुन्हा टाकायचा. मी टाकली होती का नव्हती? दिवा खरंच लागला होता? त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना.

एप्रिलमध्ये उत्तमराव मुलीच्या सोयरिकीसाठी पाहुण्यांच्या गाडीनं अकोल्याला गेला. जीवनला हवी होती तशी संधी आली. सुट्टी होती. पाने, जॅक घेऊन तो मोनालीसोबत गावी पोचला. वहिनीकडे, साधनाकडे त्यानं किल्ली मागितली.

साधनानं किल्ली दिली. पण लगेच सोडली नाही.

"कायले उकरता भाऊजी? माय तं गेली."

"मले फक्त पाह्याचं हाय, वहिनी. चूक माही व्हती का गाडीची."

तिनं किल्ली सोडली. आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. भर उन्हाळ्यात, भर दुपारी.

गाडी कडुनिंबाखाली, घराच्या भिंतीजवळ उभी होती. जीवननं पुढच्या चाकांची लॉकं तपासली. चांगली होती; ती त्यानं लावली. मोनालीला आत बसवलं. तिनं किल्ली अर्धी फिरवली, दांडी टाकली.

"लागला हिरवा दिवा!"

म्हणजे दिवा लागत होता. त्या दिवशीही लागला असणार.

मग त्यानं गाडी गिअरमध्ये ठेवायला सांगितली आणि जॅकवर फक्त पुढचं डावं चाक उचललं. आई बसायची त्या बाजूचं. दांडी टाकलेली असताना हे चाक हातानं फिरायला नको. सगळं एकमेकांत अडकलेलं असतं.

त्यानं हात लावला.

चाक गरागरा फिरलं... मोकळंच.

तेवढ्यात आतून मोनाली म्हणाली, "अहो, तुमी बैल हाकल्यावानी आवाज काहून काढून राह्यले?"

"कोणता आवाज?"

"ट्चक् ट्चक्... आत्ताच तं केला."

जीवननं केला नव्हता.

तो पाठीवर झोपला आणि गाडीखाली सरकला.

गाडीच्या मध्यावरच्या गिअरच्या खोक्यापासून पुढच्या चाकांकडे एक लोखंडी शाफ्ट जातो. ताकद नेतो तोच. तो नसेल तर दांडी टाका, दिवा लावा, देव पाण्यात ठेवा, पुढची चाकं ओढत नाहीत.

तो शाफ्ट नव्हता.

तुटला नव्हता. पडला नव्हता. कोणी तरी बोल्ट खोलून व्यवस्थित काढला होता. बोल्टांची भोकं रिकामी, आणि त्यांत कडक काळी माती गच्च बसलेली. जीवननं पेचकसानं ती उकरली. मातीत झेंडूची वाळकी पाकळी होती. पांदणीचाच चिखल तो. त्या दिवशी आत गेलेला. म्हणजे त्या दिवशीही तिथं बोल्ट नव्हते...

जीवन तिथंच, गाडीखाली, तोंडावर हात घेऊन रडला. मग त्याला एक गोष्ट आठवली आणि रडणं थांबलं.

दादाचा हात. दांडीवर थांबलेला. मग, "तू बस."

त्याच वेळी त्याच्या गालावर काही तरी पडलं.

थंड... ओलं.

रिकाम्या भोकातून काळा चिखल ठिबकत होता.

महिनोन्‌महिने पाऊस नव्हता. मोनालीनं दार उघडून बाहेर उडी टाकली आणि ती गाडीपासून लांब जाऊन उभी राहिली. शेजारची सीट दबली होती, म्हणाली. कोणी बसावं तशी.

ऊन कलताना उत्तमराव आला. सोबत पाहुणे. पाहुण्यांची गाडी आलेली बघून शेजारीही कुंपणाशी जमले. उचललेलं चाक बघून त्याचा चेहरा उतरला.

"दादा, शाफ्ट कुठं हाय?"

"असंन ना. नसंन तं मागच्या महिन्यात निघाला असंन."

"भोकात पांदणीचा चिखल हाय, दादा."

लोक बघत होते. उत्तमराव हसला. "याले अजून दांडी टाकता येत नाही अन् मले शिकवून राह्यला. सरक, दाखवतो." तो चढून बसला. गिअर काढला, किल्ली अर्धी फिरवली. इंजिन चालूच केलं नाही. दांडी टाकली.

हिरवा दिवा लागला.

"पाह्य! लागला का नाही?"

आणि मग...

ट्चक्...

सगळ्यांनी ऐकलं.

ट्चक्...

पुढचं डावं चाक हळूच फिरायला लागलं.

इंजिन बंद. शाफ्ट नाही. कोणाचा हात नाही. चाक वेग धरत गेलं आणि त्यातून ओला काळा चिखल उडून भिंतीवर थपाथप बसायला लागला. एका पाहुण्यानं रामनाम सुरू केलं. उत्तमरावनं किल्ली काढली. दिवा विझला. चाक थांबलं नाही.

तो शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होता. मान हलवत होता. नाही, नाही...

"म्या काढला माय!" तो एकदम ओरडला. "अकोल्याचे फेरे व्हते... शाफ्टानं डिझेल लय पेत व्हती... त्या दिवशी सगळे लोकं उभे व्हते माय, कसं सांगू!"

चाक थांबलं.

त्याला काय विचारलं गेलं, ते कोणी ऐकलं नाही. उत्तर मात्र सगळ्या गावानं ऐकलं.

दार उघडून साधना बाहेर आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही. जीवनला म्हणाली, "मले ठाऊक व्हतं भाऊजी. मले सांगू नाही देलं." आणि खालीच बसली.

ती सोयरीक मोडली. नातेवाईक आता म्हणतात, झालं गेलं, सख्खा भाऊ आहे, किती ताणायचं. इतके महिने जीवनला टोचणाऱ्यांपैकी एकानंही त्याच्यापुढे चूक कबूल केली नाही. उत्तमराव बसनं फिरतो. भिंतीला दोनदा चुना दिला. तेवढा डाग वाळत नाही. मी स्वतः बोट लावून पाहिलं. ओलंच आहे.

आता जीवन सुटला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

परवा मोनाली भेटली. म्हणाली, अजूनही ते सकाळी कामावर निघतात, मोटरसायकलला किक मारतात, आणि मागच्या रिकाम्या सीटवरून आवाज येतो. ट्चक्... मग तोच प्रश्न. त्यात दादाचं नाव नाही, यांचंच.

"काहून नाही चालून राह्यली रे, जीवन?"

तो गाडी बंद करतो. मान न वळवता सांगतो, "माय, शाफ्ट नव्हता. दादानं काढला व्हता. म्या दांडी टाकली व्हती."

मग शांत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा विचारते.