मुलीला आधी विचारा

पाटणादेवीच्या जंगलातली तिसरी धार चढताना चारुलताचा बूट चिखलात रुतला, आणि तो ओढून द्यायला जो हात पुढे आला तो नेमका ललितचा. चाळीसगावचा ललित. दोन वर्षांपूर्वी शिंदखेड्याला तिला बघायला आला, दोनदा मागून पोहे खाल्ले, आणि पुढे ना हो, ना नाही.

"तुम्ही... इथे?"

"इथेच. निरोपाची वाट बघतेय."

सहलीला दोन बसमधून आलेले बाकीचे लोक पुढे निघून गेले होते. मागे उरले हे दोघं, ठिबकणारी झाडं, आणि इतके खाली आलेले ढग की पाच पावलांपुढची वाट दिसेना. नाइलाजानं ती त्याच्या मागोमाग निघाली. प्रत्येक वळणाला तो म्हणे, "हे एवढं वळण, की टोक आलंच." अशी चार वळणं झाली.

"तुमचं 'आलंच' मला ठाऊक आहे," ती धापा टाकत म्हणाली. "आपले मध्यस्थ झुलालनानाही म्हणायचे, मुलाकडचा निरोप येतोच आहे."

ललित थांबला. "मी तर त्याच संध्याकाळी नानांना सांगितलं होतं. मुलगी पसंत आहे, पण आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तरच पुढे जाऊ."

"मला कोणी काही विचारलं नाही."

"मला वाटलं, तुमचा नकार आहे..."

हसावं की रडावं, तिला कळेना. नानांनी जन्मभर लग्नं जमवली. मुलीला विचारा म्हणणारा मुलगा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. याला हे स्थळ टाळायचंय, असंच ते समजले असणार. पण या माणसाला तोंड नव्हतं?

"एक फोन केला असता तर?"

"तुम्ही नाही म्हटल्यावर त्रास कशाला द्यायचा—"

"मी नाही म्हटलंच नव्हतं."

एवढं बोलून ती त्याच्या पुढे गेली. टोकावर पोचली तर दरीत नुसता पांढरा धूर आणि पाण्याचा आवाज. पलीकडच्या कातळावरून बाकीच्यांचा फोटो काढतानाचा गलका ऐकू येत होता. हिचा डबा बसमध्येच राहिलेला. ललितनं आपला उघडला. गुळाचा वास आला. तिनं हात पुढे केला, तर त्यानं झाकणच लावलं.

"आता खायलाही देत नाही?"

"कानबाईच्या प्रसादाचा रोट आहे. पौर्णिमेच्या आत संपवायचा म्हणून आईनं बांधून दिला. घरच्यांशिवाय कोणाला देता येत नाही हो..."

ते तिला ठाऊक होतं. तिच्याही घरी श्रावणात कानबाई बसायची.

तो डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "तुम्हाला विचारू... की पुन्हा नानांनाच—"

"नानांचं नाव काढाल तर इथून ढकलून देईन."

तिनं त्याच्या हातातून डबा ओढला. झाकण घट्ट होतं. दोनदा बोटं घसरली, तिसऱ्यांदा निघालं. तिनं चांगला मोठा तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि त्याच्याकडे न बघता चावत राहिली.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी बघते."