शेऱ्यातली पाणमांजरं

"घरात जाणतं कुणी आहे का?"

पंपघराच्या दारात एक उंच, घामाघूम तरुण उभा होता. ग्रीसनं माखलेला पाना हातात घेऊन ती वळली.

"पाण्याबद्दल विचारायचं असेल तर मी आहे. गुडघेदुखीबद्दल असेल तर आत बाबा आहेत."

"नाही... म्हणजे... प्राण्यांबद्दल," तो गडबडला. त्याचे कान लालबुंद झाले, आणि तिला ते भारीच आवडले.

गुडघ्यांपायी बाबांनी काम सोडलं, तेव्हापासून नदीकाठचं ते पंपघर तिच्या हातात होतं. गावात तिला सगळे पंपवालीच म्हणत. हा पाहुणा गावोगाव फिरून लोकांना जंगली प्राण्यांची चित्रं दाखवायचा, कोणी काय पाहिलं ते विचारायचा आणि कुठला प्राणी कुठवर उरलाय याचा नकाशा चौकोनाचौकोनानं भरायचा. एकतीस गावं झाली होती. हे शेवटचं.

तिनं स्टूल पुसून दिलं. पहिलं चित्र कोल्ह्याचं.

"पाहिलाय."

"कुठे? कधी? किती होते? तुम्ही एकट्याच होतात? सोबत कोणी येतं का?"

विचारताना तो थेट डोळ्यांत बघायचा. लिहिताना खालचा ओठ चावायचा... दुसऱ्या चित्राला ती "नाही" म्हणाली, तर त्यानं कार्ड मुकाट्यानं बाजूला ठेवलं. एकही प्रश्न नाही! तिच्या लगेच ध्यानात आलं. मग काय विचारता! साळिंदर? हो. खवल्या मांजर? पाहिलंय की! पाणमांजर? कितीदा तरी!

अकरावं चित्र आलं. शेपटीवर पट्टे, डोळ्यांभोवती चोरासारखा काळा बुरखा.

"हा? हा तर परवाच, कुंपणापाशी!"

पेन थांबलं. आत बाबा उगाचच खोकले.

"हा सातासमुद्रापलीकडे राहतो," तो हळूच म्हणाला. "थापा ओळखायला ठेवलाय. याला हो म्हटलं की... अख्खा फॉर्म बाद."

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. पण तो कार्डं गोळा करू लागला, तशी ती उसळून म्हणाली, "पाणमांजर मात्र खरंय!"

"आता कसं मानू?" त्याचा आवाज पडला. "एकतीस गावांत विचारलं मी. सगळे म्हणतात, पूर्वी असायचं. पुढच्या आठवड्यात नकाशा द्यायचाय आणि ही नदी त्यात कोरीच जाणार. तुम्ही हो म्हणालात तेव्हा माझं मन केवढं उचंबळलं, माहितीये?"

हे मात्र तिला लागलं. ती उठली आणि कपाटातून जाडजूड नोंदवह्या काढून तिनं त्याच्यापुढे आदळल्या. रोज सकाळी सहाला नदीची पातळी लिहायची, ही पंपघराची शिस्त. कडेला शेऱ्याचा रकाना. सहसा तो रिकामाच राहायचा, पण तिच्या वहीत नाही.

'पाणमांजरं दोन, खडकावर.' 'आज एकच. दुसरं कुठे?' 'पिल्लू! पिल्लू!! पातळी तीन फूट दोन इंच.'

"माझं तोंड खोटं बोललं," ती म्हणाली. "वही नाही बोलत."

तो पानामागून पान उलटत राहिला. मग एकदम उभा राहिला. "दाखवाल? आत्ता?"

दोघं जवळजवळ पळतच निघाली. "पंपाकडे मी बघतो!" मागून बाबा ओरडले. "सावकाश या!"

डोहाकाठच्या खडकावर पाणमांजराची ताजी विष्ठा होती, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. तो गुडघ्यावर बसला आणि चक्क हुंगू लागला. "वास घ्या, वास घ्या! मासळी आणि... थोडी जाईसुद्धा!"

"मला वाटायचं, मला कुणी हुंगायला दिलंच तर फूल देईल."

"दिलं कुणी?"

"छे. अजून तरी नाही."

तो काहीतरी बोलणार, इतक्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं. डोहात एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. मग चिवचिवत, गटांगळ्या खात तिसरं, इवलंसं! त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"फोटो!" ती कुजबुजली.

त्यानं डाव्या हातानं काढले, कारण उजवा सोडवेना. तीन हलले. चौथा नीट आला.

पाणी पुन्हा शांत झालं, तरी दोघं तिथंच बसून होती.

"खोटं का बोललात?"

"नाही म्हटलं की तुम्ही काहीच विचारत नव्हता..." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "असेच निघून गेला असतात."

तो हसला. कान पुन्हा लाल. "फॉर्ममध्ये प्रश्न तीनच आहेत. कुठे, कधी, किती."

"मग एकट्याच होतात का, सोबत कोणी येतं का..."

"ते माझे. कोल्ह्याला काय करायचंय त्याचं?"

ती इतकी खळखळून हसली की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. हसता हसताच तिनं आपलं ग्रीसचं मनगट त्याच्या मुठीतून सोडवलं आणि त्याच्या बोटांत बोटं गुंफली.

पुलावर बसचा हॉर्न वाजला.

"तुमची बस," ती म्हणाली.

"उद्या असते?"

"असते."

"परवा?"

"रोज असते."

"मग घाई कसली?" तो म्हणाला, आणि बस पूल ओलांडून गेली तरी त्यानं मान वळवून पाहिलं नाही.