थर्ड मेट आणि राफ्टवाला

"आत या किंवा बाहेर राहा, पण दार लावा!"

आवाज एका भल्यामोठ्या, हवा भरलेल्या नारिंगी राफ्टमधून आला, म्हणजे जहाज बुडालं तर जीव वाचवणाऱ्या तंबूसारख्या तराफ्यातून. आमच्या जहाजाची दोन राफ्ट वार्षिक तपासणीसाठी या वर्कशॉपमध्ये उतरवली होती. ती नीट झाली की नाही हे बघून सही करणं हे माझं, म्हणजे जहाजावरच्या तिसऱ्या अधिकाऱ्याचं, थर्ड मेटचं, काम. नऊ महिन्यांच्या फेरीतलं शेवटचं. एक सही झाली की तीन महिने सुट्टी! त्यामुळे मी घाईत होते, आणि घाईत असले की मी कुणाचं ऐकत नाही.

"मला कागद हवेत," मी म्हटलं.

"मला अंधार हवाय," आतून उत्तर आलं.

मी वाकून आत शिरले आणि दाराचं कापड खस्सकन ओढून घेतलं.

तो पाठीवर आडवा पडून छताकडे बघत होता. बाह्यांवर पांढरी पावडर, कानामागे पेन्सिल. "भोकं शोधतोय. बाहेरचा उजेड कुठून टोचतो ते बघायचं... तुम्हाला दिसतंय काही?"

शिवणीजवळ टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका चमकत होता. मी बोट दाखवलं.

"अरे! मला नव्हता दिसला." तो उठून बसला. "छान आहेत."

"नजर चांगली लागतेच आम्हाला. ब्रिजवरून समुद्र न्याहाळायचा, तेच तर काम."

"मी नजरेबद्दल नाही... डोळ्यांबद्दल बोलत होतो."

जहाजावर असली वाक्यं मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि प्रत्येकाला द्यायची उत्तरं माझ्या खिशात तयार असतात. त्या दिवशी खिसा रिकामा निघाला! बरं, बोलून तो स्वतःच लाजला — की त्या नारिंगी उजेडात सगळेच लाजल्यासारखे दिसतात, कोण जाणे.

"वीस माणसांचं राफ्ट आहे हे," मी म्हटलं. "जरा सरका."

"मी होतो तिथेच आहे, साब. तुम्हीच जवळ बसलात."

मी सही न करताच बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

*

सुट्टी सुरू झाली आणि माझे हाल सुरू झाले. बोटीवर सकाळी आठ ते बारा माझी पाळी. घरीही आठ वाजले की मी आंघोळ करून, केस बांधून खोलीच्या मध्यावर उभी... आणि करायला काही नाही. बाबा जन्मभर जहाजाचं सुकाणू धरून आता निवृत्त झालेले. ते पेपरातून मान वर काढून आईला म्हणाले, "काही नाही गं, जमीन लागलीय हिला. आम्हाला नाही का लागायची?"

मग मी रोज आठ वाजता वर्कशॉपला जायला लागले. निमित्तं संपली, तेव्हा निमित्ताशिवाय जायला लागले.

राफ्टची घडी घालणं म्हणजे दोन माणसांचं काम. गुडघ्यांनी रेटत हवा बाहेर काढायची, पावडर मारायची, कडेला कड जुळवायची, आणि सगळा पसारा एका पांढऱ्या डब्यात बसवायचा. कडा जुळवताना हात हाताला लागायचा. तो "सॉरी" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "रोज तेच तेच काय म्हणतोस?" चौथ्या दिवशी तो काही बोलला नाही — आणि हातही हलवला नाही.

"डबा बंद करताना मी दर वेळी मनात म्हणतो," तो एकदा म्हणाला, "हा कधी उघडायची वेळ न येवो."

"मग एवढ्या मेहनतीचा उपयोग काय?"

"कुणाला कळलाच नाही, तर झाला उपयोग."

या माणसावर आपलं मन बसलंय हे मला तिथे, गुडघे टेकून बसलेली असताना, लख्ख कळलं.

*

दीड महिन्यानं त्याने मला घरी नेलं. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे, घासूनपुसून ठेवलेले कप. त्याची आई मला आवडली. मोठी बहीणही आवडली. त्यांनी बोटीवर जेवण कोण करतं विचारलं, वादळात भीती वाटते का विचारलं. आणि मग त्याच गोड आवाजात आई म्हणाली, "लग्नानंतर मात्र बोट सोडशील ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता. मी वाट बघितली... अगदी मनातल्या मनात दहा आकडे मोजून. तो बघतच राहिला.

"नाही," मी म्हटलं. "सोडणार नाही."

"अगं, पण मग संसार—"

"तुमचा मुलगा वर्कशॉप सोडणार आहे का?"

बहिणीचा हात बशीवरच थांबला. मी आईंना नमस्कार केला, चप्पल घातली आणि जिना उतरले. मागून त्याची पावलं आली. मी वळले नाही.

घरी आल्यावर सगळं एका दमात सांगितलं. बाबा म्हणाले, "मला नव्हतं बुवा कुणी विचारलं, बोट सोडाल का म्हणून."

"विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत, मला ठाऊक आहे," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "हे बघ, बावीस वर्षं मी यांची वाट बघितली. तुझा गोवर, तुझी शाळा, गळकी टाकी, सगळं एकटीनं. सोपं नसतं ते. त्या मुलाला झेपेल का, हे त्यालाच विचार. त्याच्या आईला कशाला?"

"मी का विचारू? तोंड शिवून बसला होता तो!"

मी वर्कशॉपला गेले नाही. फोन वाजत राहिला, तो उचलला नाही. अकरा दिवसांनी, सुट्टी अजून बाकी असतानाच, कंपनीचं पत्र आलं — मला बढती, सेकंड मेट. चार दिवसांत हजर व्हायचं होतं. मग नेहमीची धावपळ: डोळे, कान, रक्त, छातीचा एक्स-रे. डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?" मी म्हटलं, "बोटीवर लागते."

*

जहाज बंदराबाहेर नांगरून उभं होतं. माणसांना न्यायला लाँच होती. सकाळी दहाला बॅग घेऊन धक्क्यावर पोचले, तर लाँचच्या मागच्या टोकाला राफ्टचा पांढरा डबा बांधलेला, आणि शेजारी लाइफ जॅकेट घालून, कठडा दोन्ही हातांनी धरून... तो.

"तू कशाला आलास?"

"राफ्ट पोचवायला."

"त्याला माणसं आहेत तुमच्याकडे."

"आज त्यांना सुट्टी दिली."

मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. बंदराची भिंत मागे पडली, लाटा सुरू झाल्या आणि साहेबांचा चेहरा आधी पिवळा पडला, मग हिरवा. पुढच्या मिनिटाला तो कठड्यावरून अर्धा बाहेर! मी धावले आणि जॅकेटचा पट्टा धरला.

"बोट लागते तुला?"

"लहानपणापासून. तळ्यातल्या नावेतसुद्धा."

"हे मला आज सांगतोस?"

"तुझ्यासमोर कोण सांगेल!"

"अरे, राफ्टमध्ये गोळ्या असतात त्यावर. घ्यायच्यास की."

"घेतल्या... तारीख उलटलेल्या."

मला हसायचं नव्हतं. मी पट्टा आणखी घट्ट धरला. "त्या दिवशी गप्प का बसलास?"

त्याने रुमालाने तोंड पुसलं. "भ्यालो. आईला दुखवायला भ्यालो. आणि खरं सांगू?... एक क्षण वाटलं होतं, तू हो म्हणालीस तर बरंच होईल." तो माझ्याकडे बघत होता, नजर न चुकवता. "तू नाही म्हणालीस आणि मला लाज वाटली. माझीच."

"मग?"

"मग आईला सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशी, आणि ही बोटीवर जाणार. ती म्हणाली, लोक विचारतील सून कुठाय, तर काय सांगू? म्हटलं, सांग कामावर गेलीय."

"आणि?"

"आई अजून माझ्याशी बोलत नाही. ताई बोलते, पण ओरडून."

लाँच उसळली. तो पुन्हा वाकला, पुन्हा सरळ झाला.

"सहा-सहा, नऊ-नऊ महिने वाट बघायला लागेल," मी म्हटलं. "कठीण असतं ते. माझ्या आईला विचार."

"विचारलं."

"काय?"

"परवा गेलो होतो तुमच्याकडे. तू डॉक्टरांकडे होतीस. त्या म्हणाल्या, जमेल असं म्हणू नकोस, जमवीन असं म्हण." त्याने एक खोल श्वास घेतला. "जमवीन."

इंजिनाचा धडधडाट होता, वाऱ्याने केस तोंडावर येत होते, आणि लाँचवाला मान वळवून वळवून ऐकत होता. ऐकेना का!

"तारीख कंपनी ठरवेल," मी म्हटलं. "तुझी आई नाही, माझी आई नाही. मी उतरेन, त्या आठवड्यात लग्न."

"चालेल."

"आणि मी कॅप्टन होणार आहे. मध्ये कुठे थांबणार नाही."

"हो की. फक्त माझी एक अट..."

माझ्या कपाळाला आठी पडली. "अट? कसली?"

"लग्न जमिनीवर."

मग मात्र मी हसले. इतकी हसले की पट्टा हातातून सुटला, आणि तो पडू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी धरावं लागलं. धरलं ते जहाज येईपर्यंत सोडलं नाही.

जहाजाच्या कुशीला दोराची शिडी लोंबत होती. शिडीवर असताना खाली बघायचं नसतं. मी बघितलं नाही. पायरी, पायरी, पायरी... आणि डेक. कठड्याशी बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, उभा होता. त्याच्यामागे सात-आठ जण माना उंचावून खाली बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"साब," बोसनने हळूच, अदबीनं विचारलं, "खाली कोण आहेत ते?"

हळू बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी कठड्याला धरून खाली वाकले आणि लाटांवरून, इंजिनावरून पलीकडे पोचेल अशा आवाजात सांगितलं, "माझा होणारा नवरा!"

डेकवर एकदम शिट्ट्या झाल्या. खालून, ओकून ओकून बसलेल्या घशातून, उत्तर आलं —

"ऐकलं हो, साब! पुन्हा एकदा सांगा!"

मी पुन्हा सांगितलं.